काठीच्या दोन बरण्या

पंपाला दोन बाजू होत्या. रस्त्याकडची बाजू मोटारींची. मागची, पत्र्याच्या उंच छपराखालची, ट्रकची. मोटारींकडचं नोझल बोटभर जाड, ट्रककडचं त्याच्या दुप्पट. मोटारीत चाळीस लिटर पडायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात ट्रकच्या पोटात दीडशे लिटर उतरत. फरक म्हणाल तर एवढाच, असं काठी सांगायचा. आणि डिझेलच्या बाबतीत काठीने सांगितलेलं त्या गावात छापल्यासारखं चालायचं.

काठी म्हणजे पंपावरचा मोजणीदार. रोज सकाळी जमिनीखालच्या दोन्ही टाक्यांची झाकणं उघडायची, पितळी मापाची काठी आत सोडायची, वर ओढून ओल कुठवर आली ते बघायचं आणि वहीत मांडायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. अंगानेही तो तसाच, सरळ आणि बिनमांसाचा. "जेवतोस का रे काठ्या, की नुसता मोजतोस?" असं ट्रकवाले विचारायचे. तो म्हणायचा, "तुमची पोटं मोजतो, तेवढ्यानेच माझं भरतं."

लोकांच्या डोक्यात दोन डिझेलं होती. दातांच्या डॉक्टरीणबाई खिडकीची काच चार बोटं खाली करून बजावायच्या, "मला मागच्या बाजूचं नको हं. ते जाडंभरडं असतं. माझी गाडी नाजूक आहे." आणि मागच्या बाजूला एखादा ट्रकवाला, रांग मोठी म्हणून कोणी पुढच्या बाजूला बोलावलं तर, नाक मुरडायचा, "ते पाणचट नको. चढावर दम धरत नाही."

दोघांनाही काठी ऑफिसच्या खिडकीपाशी न्यायचा. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या असत, एकीत पुढच्या बाजूचं डिझेल, एकीत मागच्या बाजूचं. दर महिन्याच्या एक तारखेला तो त्या ताज्या भरायचा. बुडाला खालून चिठ्ठी चिकटवलेली.

"ओळखा," तो म्हणायचा. "वास घ्या, हलवून बघा, उजेडात धरा. चुकलात तर चहा तुमचा."

डॉक्टरीणबाई चष्मा वर करून बघायच्या. ट्रकवाला बोट बुडवून चोळायचा, जाणकारासारखा हुंगायचा. ओळखणारे अर्धे चुकायचे, आणि जे बरोबर यायचे त्यांना काठी म्हणायचा, "नशीब तुमचं. आता परत ओळखा." दुसऱ्यांदा बरोबर आलेला माणूस विरळा. चहाचे पैसे काठीने स्वतःच्या खिशातून दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"दोन्ही एकच," शेवटी तो झाकण लावत म्हणायचा. "वेगळं काही असेल तर ते तुमच्या डोक्यात."

त्याचं हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं होतं त्याच्या धाकट्या भावाने. धाकटा त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले तेव्हा काठीनेच त्याला वाढवलं, सायकल शिकवली, मग गाडी शिकवली. आता तो दवाखान्याची गाडी चालवायचा. ही मोठी, दिव्यांची, किंचाळणारी गाडी नव्हे. साधी सात माणसांची मोटार, मागची आसनं काढून पडायची सोय केलेली. डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात रक्त धुवायला जाणाऱ्यांना न्यायचं आणि आणायचं. दोघा भावांची घरं शेजारी, मधली भिंत एकच. काठी एकटा, त्यामुळे ताट कायम धाकट्याकडे.

त्या वर्षी थंडी लवकर आली. पहिला बर्फ पडायच्या आधीच टँकरवाला थंडीचा माल घेऊन आला. उन्हाळ्याच्या डिझेलमध्ये मेण असतं. कडाका पडला की ते गोठून बारीक कणांनी तरंगतं, फिल्टरमध्ये अडकतं, आणि इंजिनाचा घास तोंडातच राहतो. थंडीच्या मालाला हे होत नाही. काठीला हे ठाऊक होतं. दर वर्षी दोन्ही टाक्या एकाच आठवड्यात बदलल्या जायच्या, म्हणून वर्षानुवर्षं त्याचं वाक्य खरं राहिलं होतं.

या वेळी मालक म्हणाला, "लहान टाकीत नवा भरा. मोठीत किती आहे?"

"अकरा हजार दोनशे."

"तो आधी जाऊ दे. ट्रकना चालतं. त्यांना फिल्टर तापवायची सोय असते."

"आणि ज्यांना नसते?"

"ते औषधाची बाटली ओततात टाकीत. तू कधीपासून ट्रकवाल्यांची आई झालास?"

काठीने वाद घातला नाही. लहान टाकी म्हणजे मोटारींची, मोठी म्हणजे ट्रकची. मोटारींना ट्रककडे काय काम? त्याने वहीत टँकरची नोंद केली. वहीत पाच रकाने होते: तारीख, टाकी, आधीचं माप, नंतरचं माप, आणि शेवटचा 'प्रकार'. या शेवटच्या रकान्यावर त्याचा जुना राग होता. डिझेल ते डिझेल, त्याचा प्रकार कसला? बावीस वर्षं तो तिथे वरच्या ओळीप्रमाणे अशी खूण करत आला होता. त्या दिवशीही हात आपसूक चालला आणि खूण झाली. एक तारखेला त्याने दोन्ही बरण्या ताज्या भरल्या. उजेडात धरल्या. एकसारख्या.

पण मोटारींना ट्रककडे काम पडायचं, आणि ते काठीमुळेच. पुढची रांग वाढली की तो ओळखीच्याला मागे बोलवायचा. जाड नोझल मोटारीच्या बारीक तोंडात जात नाही, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पत्रा ठोकून एक नरसाळं केलं होतं. त्यातून तो हळूहळू, नोझल अर्धवट दाबून, एक थेंब न सांडता भरायचा. हे नरसाळं त्याच्या अभिमानाची दुसरी वस्तू. पहिली बरण्या.

कडाक्याची पहिली सकाळ उजाडत होती. धाकटा पावणेसहाला आला. पुढच्या बाजूला सात गाड्या. मागच्या बाजूला एकही ट्रक नाही. त्याच्या गाडीत मागे टोपीवाली आजी आडवी झालेली. ही म्हातारी आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर जायची आणि वाटेत लोकरीच्या टोप्या विणायची. धाकट्याच्या डोक्यावर होती ती तिचीच, हिरवी, कानांवर जरा मोठी.

"दादा, रांग बघ," धाकटा काच खाली करून ओरडला. "साडेसातची वेळ आहे हिची. चुकली की यंत्र दुसऱ्याला देतात."

"मग तिथे काय मुळं धरतोयस? मागे घे."

"तिकडचं चालेल ना?"

काठीने नरसाळं खुंटीवरून काढलं सुद्धा होतं. "हे मला तू विचारतोस? तू?"

धाकटा हसला. मागून आजी म्हणाली, "काय झालं रे?"

"काही नाही आजी. मी एक मूर्ख प्रश्न विचारला."

"विचारावा. उत्तर शहाणं मिळालं म्हणजे झालं," आजी म्हणाली आणि सुई परत घातली.

बेचाळीस लिटर. एक थेंब सांडला नाही. सहाला दहा कमी असताना गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली.

सात वाजता काठी मोजणी उरकून ऑफिसात आला. हात चोळत खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. कट्ट्यावर दोन बरण्या होत्या. एक नेहमीसारखी, पिवळसर, आरपार. दुसरी पांढरी झाली होती. पातळ दुधासारखी, आणि बुडाशी त्याहून घट्ट. चिठ्ठी बघायची त्याला गरज नव्हती, तरी त्याने बरणी उचलून खालून बघितली.

त्याने धाकट्याला फोन लावला. डोंगरात फोन लागत नाही हे त्याला माहीत होतं. तरी त्याने अकरा वेळा लावला.

मग दवाखान्याचा नंबर काढला. नंबर समोर धरून तो बसला. रस्ता साफ करणाऱ्यांची गाडी डोंगराखालीच उभी असते. दवाखान्याने एक फोन केला असता तर ती वर गेली असती. पण दवाखाना विचारणार, का? तुम्हाला कसं माहीत? आणि गाडी कदाचित पलीकडे उतरली पण असेल. चढ तासाभराचा. टाकीत थोडं जुनं, पुढच्या बाजूचं असेलच की, ते मिसळलं असेल. तो मनातल्या मनात लिटर मांडत बसला, आणि प्रत्येक वेळी बेरीज गाडी पलीकडे उतरवूनच थांबली. आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने फोन केला आणि एवढंच विचारलं, "आमची गाडी पोचली का हो?"

पोचली नव्हती.

पुढचं सगळ्या गावाला कळलं ते असं. चढाच्या वरच्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. धाकट्याने वीस मिनिटं किल्ली फिरवली. गाडी बंद म्हणजे आतली ऊब बंद. त्याने स्वतःचा कोट म्हातारीवर घातला, तिची पिशवी तिच्या पायांवर ठेवली, टोपी तेवढी डोक्यावर राहिली, आणि तो नुसत्या स्वेटरवर आडवाटेने खाली धावत सुटला. रस्तावाल्यांच्या खोलीपर्यंत पन्नास मिनिटं. त्यांच्या गाडीतून परत वर यायला चाळीस. साडेआठला दार उघडलं तेव्हा आजीच्या हातात सुया होत्या आणि टाका अर्धा होता.

धाकट्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली. ती नंतर काढावी लागली.

गाडी ओढून दवाखान्याच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेज तापवलेलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. त्याने परत बंद केली, परत सुरू केली. कागदावर लिहिलं: गाडीत दोष नाही.

हा एक कागद धाकट्याच्या गळ्यात पडला. गाडीत दोष नाही, मग ती थांबली का? थांबली नाही, थांबवली. झोप काढायला थांबवली असेल, इंधन वाचवायला बंद केली असेल, आणि म्हातारी गार पडल्यावर घाबरून पळाला असेल. दवाखान्याने त्याला कामावरून उतरवलं आणि तक्रार दिली. चौकशीला एक साहेब नेमले गेले. आरोप ठरला तर नोकरी जाणार, परवाना जाणार, आणि वर तुरुंग.

साहेब तिसऱ्या दिवशी पंपावर आले. जाडसर, सर्दी झालेले, मुळात भले गृहस्थ. ट्रकच्या बाजूला भरल्याची पावती त्यांच्याकडे होती.

"दोन्ही बाजूंना माल एकच ना?" त्यांनी काठीला विचारलं.

मालक हाताची घडी घालून उभा होता. ऑफिसात शेगडीमागे ती बरणी होती. काठीने त्या दिवशी ती आत आणून तिथे ठेवली होती, आणि पाव तासात ती इतकी नितळ झाली होती की जणू काही घडलंच नाही.

"दोन्ही एकच," काठी म्हणाला.

त्याचा स्वतःच्या तोंडावर विश्वास बसला नाही. इतकं सवयीने, इतकं गुळगुळीत बाहेर आलं ते. साहेबांनी वही मागितली, शेवटचा रकाना बघितला, वरपासून खालपर्यंत तीच खूण. "छान ठेवलीय वही," ते म्हणाले आणि सही घेतली. त्याच दुपारी मालकाने मोठी टाकी उपसून थंडीच्या मालाने भरून घेतली.

काठी रोज धाकट्याच्या घरी जेवायला बसायचा. आठ दिवसांत धाकट्याचं बोलणं तीन वाक्यांवर आलं होतं. भावजय वाढताना म्हणाली, "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना. रात्रभर हात फिरवतात हवेत. किल्ली फिरवल्यासारखा."

"मीच काहीतरी केलं असेल, दादा," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला. "मेकॅनिक म्हणतो एका झटक्यात सुरू झाली. मग माझ्या हाताने का नाही झाली? मला आठवतं मी फिरवली. पण सगळे म्हणतात तेव्हा वाटतं, फिरवली का? का मला झोप लागली होती?"

काठीने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून साहेबांचं ऑफिस गाठलं.

खोली भट्टीसारखी तापलेली. साहेब शेगडीवर मोजे वाळवत होते. काठीने सगळं सांगितलं: उन्हाळ्याचा माल, मोठी टाकी, नरसाळं, मेण. एवढंच सांगितलं. सात वाजल्यापासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंतचा हिशेब त्याने पोटात ठेवला.

"गॅरेज गरम होतं साहेब, म्हणून मेण वितळलं. गाडी सुरू झाली ती म्हणून. भावाने काही केलं नाही. मी केलं."

"तुमचं आधीचं निवेदन आहे माझ्याकडे. सहीचं."

"ते खोटं होतं."

"आणि टाकी?"

"आता त्यात नवा माल आहे. पण हे बघा." त्याने बरण्या टेबलावर ठेवल्या. "ही त्या दिवशी पांढरी झाली होती. दुधासारखी."

साहेबांनी दोन्ही उचलल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या, हलवल्या. दोन्ही पिवळसर, आरपार.

"कुठली?"

काठीने तोंड उघडलं. पिशवीतून काढताना कुठली कुठल्या हातात होती ते त्याला सांगता येईना. त्याने बरण्या उलट्या करून बुड बघितलं तेव्हा साहेब नाक पुसत हसले. उपहासाने नव्हे, दयेनेच.

"चिठ्ठी तुम्हीच चिकटवली ना? माझ्या बायकोकडून तुम्ही चहा उकळलाय याच बरण्यांवर. घरी येऊन किती दिवस पटवत होती ती मला, की दोन्ही एकच." त्यांनी मोजे उलटवले. "भाऊ आहे तुमचा. समजू शकतो मी. मला भाऊ असता तर मी पण काहीतरी घेऊन आलो असतो. हे मी लिहून घेत नाही, नाहीतर खोट्या साक्षीचं तुमच्यावर येईल. घेऊन जा."

"बाहेर ठेवू या साहेब. खिडकीत. थोडा वेळ थांबू."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पागोळ्या गळत होत्या. थंडी दोन दिवसांपूर्वीच सैल झाली होती. तरी भल्या माणसाने बरण्या बाहेर ठेवल्या, अर्धा तास थांबू दिलं, आणि मग घड्याळाकडे बघून परत आत आणल्या. दोन्ही तशाच.

घरी येऊन काठीने तेच धाकट्याला सांगितलं. धाकट्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग बऱ्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"नको दादा."

"काय नको?"

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस. या वयात तुला पंपावरून काढतील. तूच शिकवलंस ना मला, वेगळं काही असेल तर ते डोक्यात?"

"अरे, ते... त्या वेळी खरं होतं ते!"

"डिझेल काय वेळ बघून बदलतं?" धाकटा म्हणाला. कित्येक दिवसांनी तो हसल्यासारखा झाला, आणि ते हसू काठीला बघवेना.

भावजय दारात उभी होती. ती काठीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने कधी बरण्या ओळखायचा खेळ खेळला नव्हता. "खिडकीत ठेवा त्या," ती म्हणाली. "आमच्या. बाहेरच्या बाजूला."

बरण्या धाकट्याच्या खिडकीबाहेर आल्या. काठी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिथे उभा राहून बघायचा. माणसं पाऊस मागतात, ऊन मागतात. हा थंडी मागत होता. नऊ दिवस ती आली नाही. चौकशीचा निकाल सोमवारी लागायचा होता. शनिवारी वारा फिरला, पागोळ्या काचेसारख्या थिजल्या, आणि रविवारी उजाडताना काठीने भिंतीपलीकडून खिडकी उघडल्याचा आवाज ऐकला.

तो गेला तेव्हा धाकटा खिडकीशी उभा होता, डोक्यावर हिरवी टोपी. बाहेरच्या कट्ट्यावर एक बरणी पिवळी. एक पांढरी.

धाकट्याने हात बाहेर काढून पांढरी बरणी तिरकी केली. आतलं हललं नाही, घसरलं, सायीसारखं, सावकाश.

"म्हणजे मी किल्ली फिरवली होती," तो म्हणाला.

"फिरवली होतीस."

"वीस मिनिटं."

"हो."

धाकट्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. काठीला वाटलं, संपलं आता, सुटलो दोघे. मग धाकट्याने बरणीवरची नजर न काढता विचारलं, "भरताना माहीत होतं तुला?"

"टँकरची नोंद मीच केली होती. डोक्यात आलं नाही."

"मग कधी आलं?"

इथे काठीला 'नंतर' म्हणता आलं असतं. सहज खपलं असतं. पण मोजणीच्या माणसाला कोणी माप विचारलं की तो मापच सांगतो. बावीस वर्षांत त्याला दुसरं काही जमलं नव्हतं, आणि जे एकदा जमलं त्याचं काय झालं ते तो बघत होता.

"सात वाजता. ही बरणी बघून."

"सात वाजता मी तिच्यावर कोट घालत होतो." धाकटा हळूहळू बोलत होता, जणू रस्ता परत चालून बघतोय. "रस्तावाल्यांची गाडी खालून वर यायला चाळीस मिनिटं. तू दवाखान्यात फोन केलास?"

"केला."

"किती वाजता?"

"आठ दहाला."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं नाही. विचारलं. गाडी पोचली का म्हणून."

आत भावजयीच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज झाला. धाकट्याने वजाबाकी केली असणार. ती कोणीही केली असती. पावणेआठपर्यंत गाडी वर पोचली असती. पावणेआठला आजी टाका घालत असेल का नाही, हे आता कुठल्याच काठीने मोजता येणार नव्हतं.

धाकट्याने पायात बूट घातले. कोट घातला नाही. तो कोट दवाखान्याने परत दिला होता, पण खुंटीवरून कोणी काढला नव्हता. त्याने दोन्ही बरण्या कट्ट्यावरून उचलल्या आणि दाराबाहेर पडला.

"साहेबांचं घर गरम असेल," काठी मागून म्हणाला. "पाव तासात वितळेल ते. मी केलंय हे. बघ, उपयोग नाही."

"मी आत जाणार नाही. त्यांना खाली रस्त्यावर बोलवेन."

तो चालायला लागला. पांढरी बरणी त्याने अंगापासून लांब धरली होती, हात सरळ बाजूला काढून, ऊब लागू नये म्हणून. डाव्या हातात, जिथे दोन बोटं अर्धी होती. हातमोजा नव्हता. काठी दाराच्या चौकटीत उभा होता. आपण इथेच थांबावं की जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला धाकट्याची परवानगी हवी होती.

"येऊ का मी?" त्याने विचारलं.

धाकटा थांबला. वळला नाही. नेहमीच्या जागी जो शब्द यायचा तो आला नाही.

"ये," तो म्हणाला. "सही तुझी लागेल."

आणि काठी त्याच्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून, चालत गेला.